शोधनिबंध कुणाला उघडतो? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मागची गोष्ट

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला, म्हणजे सरकारी संस्थांसाठी शोधनियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्र भरण्याच्या योजनेला, मंजुरी दिली, तेव्हा बातम्यांत आकडेच जास्त होते. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सहा हजारांवर सरकारी संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. योजना एकाएकी उगवल्यासारखी वाटली, पण तिच्यामागे सत्तर वर्षांची खटपट आहे. या काळात तंत्र बदललं आणि पैसे भरणारं खातंही बदललं. कोणता निबंध कुणाला वाचायला मिळणार, हे मात्र वाचकाच्या गरजेपेक्षा त्याच्या संस्थेच्या नावावरूनच ठरत राहिलं.

स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक नियतकालिकं मागवणं मोजक्याच संस्थांना परवडत होतं. म्हणून १९५२मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत ‘इन्सडॉक’ उभं राहिलं. कुणी निबंध मागितला की देशात तो कुठे आहे ते शोधायचं, त्याची प्रत काढायची आणि टपालाने पाठवायची, हे तिथलं एक मुख्य काम. रशियन किंवा जर्मन निबंधांची भाषांतरंही करून मिळत. एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकासाठी हा मार्ग खुला होता, पण वेळखाऊ होता. दुसरा मार्ग छापील पोस्टकार्डाचा. ‘आपल्या अमुक निबंधाची प्रत पाठवावी’ असा मजकूर कार्डावर आधीच छापलेला असे, निबंधाचं नाव, नियतकालिक आणि वर्ष यांच्या जागा रिकाम्या. त्या शाईने भरायच्या, परदेशी टपालाचं तिकीट लावायचं आणि थेट लेखकाला पाठवायचं. लेखकाकडे जादा छापील प्रती असत आणि बरेच जण त्या पाठवतही. प्रकाशकाला वगळून चालणारी ही देवाणघेवाण कुणाला बेकायदा वाटत नव्हती, हे पुढच्या भांडणांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं खरं कंबरडं मोडलं ते ऐंशीच्या दशकाअखेर आणि नव्वदच्या सुरुवातीला. नियतकालिकांच्या किमती जगभर महागाईच्या पुढे पळत होत्या. त्यात जुलै १९९१मध्ये रुपयाचं दोन हप्त्यांत मिळून सुमारे १८ ते १९ टक्के अवमूल्यन झालं. वर्गणी डॉलर-पौंडात आणि अंदाजपत्रक रुपयात मंजूर झालेलं. पुरवठादार बिल लावायचे ते ‘जीओसी’ दराने, म्हणजे ग्रंथव्यवहारासाठी ठरवून दिलेल्या विनिमय दराने. तो दर वर सरकला की तेवढ्याच पैशांत कमी नावं बसत. मग ग्रंथालय समितीच्या बैठकीत यादी समोर यायची आणि प्रत्येक विभागप्रमुख आपलं नियतकालिक वाचवायला बघायचा. एकदा बंद झालेलं नाव पुन्हा सुरू होणं दुर्मीळच. आजही जुन्या विद्यापीठांत फिरलं तर बांधीव खंडांची रांग कुठल्या तरी वर्षाशी तुटलेली दिसते. त्या सालांवरून त्या ग्रंथालयाच्या पैशांचा इतिहास वाचता येतो.

यावर सुचलेला पहिला उपाय होता जे आहे ते वाटून वापरण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) १९९१मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या छत्राखाली होता. १९९६मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला आणि पुढे गुजरातेत त्याचा जम बसला. दिल्लीत डेलनेट आणि कोलकात्यात कॅलिबनेट अशी शहरांची जाळीही त्याच सुमारास उभी राहत होती. कल्पना साधी होती. कुणाकडे काय आहे याची एकत्र सूची करायची, म्हणजे एकाच नियतकालिकाच्या चार प्रती शेजारशेजारच्या संस्थांनी घ्यायला नकोत. सूचीचं काम बरंच झालं. पण वाटून घ्यायचं तर कुणाकडे तरी ते असायला हवं, आणि नेमकं त्याच काळात सगळेच कात्री लावत होते.

मग वेब आलं आणि गणितच उलटलं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रकाशकांनी एकेक नियतकालिक विकण्याऐवजी सगळा गठ्ठा एकदम विकायला सुरुवात केली. छापील अंक एकदा कपाटात आला की ग्रंथालयाच्या मालकीचा. डिजिटल गठ्ठा भाड्याचा. जुन्या अंकांवरचा कायमचा हक्क करारात लिहून घेतला नसेल, तर वर्गणी थांबली की मागची वर्षंही हातची जातात. ग्रंथपालाचं काम त्यामुळे बदललं. निवड आणि नोंदणीबरोबर आता करारातली कलमं वाचणं आणि दरासाठी घासाघीस करणं आलं. एकट्या विद्यापीठाला तिथे कोण विचारतो? म्हणून एकत्र वाटाघाटी करणारे संस्थांचे संघ बनले. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनी आपला बनवला. २००३मध्ये आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था आणि त्या तोलाच्या संस्थांसाठी ‘इंडेस्ट’ आला. डिसेंबर २००३मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘यूजीसी-इन्फोनेट’ या विद्यापीठांच्या डिजिटल ग्रंथालय संघाचं उद्घाटन झालं आणि वर्षानुवर्षं अंक न पाहिलेल्या विभागांत एकाएकी हजारो नियतकालिकं उघडू लागली. एखाद्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकासाठी त्या वर्षांइतका मोठा बदल आधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही, असं माझं मत आहे.

भारताला हे सगळं विकतच का घ्यावं लागलं? याच सुमारास, २००२मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ‘हिनारी’ सुरू झालं होतं. दरडोई वार्षिक उत्पन्न १,००० डॉलरपेक्षा कमी असलेल्या देशांना वैद्यकीय नियतकालिकं मोफत, अशी ती योजना. भारत त्या रेषेच्या बराच खाली होता, तरीही यादीत नव्हता. कारण उघड होतं: प्रकाशकांचा इथे आधीच धंदा चालू होता. काही चांगल्या संस्था पैसे मोजत होत्या, म्हणून बाकीच्या हजारोंची गरिबी हिशेबात धरली गेली नाही. विकसनशील देशांत भारताची ही अडचण वेगळी आहे. दयेसाठी फार मोठा आणि दरासाठी फार गरीब.

महाविद्यालयांची पाळी आली २०१०मध्ये, ‘एन-लिस्ट’ या नावाने. विद्यापीठांना संगणकाच्या आयपी पत्त्यावरून प्रवेश होता. परिसरात बसलं की निबंध आपोआप उघडायचा. महाविद्यालयांना मात्र माणशी खातं. ग्रंथपालाने प्राध्यापक-विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल भरायचे, मग प्रत्येकाला वापरनाव आणि पासवर्ड येणार. वार्षिक शुल्क काही हजार रुपये, म्हणजे एखाद्या परदेशी नियतकालिकाच्या वर्गणीपेक्षाही कमी. तरीही वापर सगळीकडे सारखा झाला नाही. वर्षातून एकदा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, फाइलसाठी सदस्यत्वाची पावती काढली जाते आणि पासवर्ड ग्रंथपालाच्याच वहीत राहतात, अशी महाविद्यालयं माझ्या पाहण्यात आहेत. इंग्रजी निबंध कसा शोधायचा आणि कसा वाचायचा, हे शिकवायला कुणी नसेल तर नुसतं दार उघडून भागत नाही. २०१५अखेर इन्फोनेट, एन-लिस्ट आणि इंडेस्ट एकत्र करून ‘ई-शोधसिंधू’ झालं.

उलट्या दिशेचा प्रवाहही होता, आणि त्याचं एक महत्त्वाचं ठिकाण मुंबई. केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ शतक उलटताना वेबवर सर्वांना मोफत खुलं झालं. मुंबईचीच ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था वैद्यकीय संघटनांची नियतकालिकं त्याच पद्धतीने चालवत होती, तीही बहुतांशी लेखकांकडून पैसे न घेता. मोफत ठेवल्याने छापील वर्गणी बुडते ही भीती तिथे खरी ठरली नाही. २०११मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या परदेशी कंपनीने विकत घेतली. प्रबंधांच्या बाबतीत आयोगाने २००९च्या नियमावलीने पीएचडीच्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं आणि ‘शोधगंगा’ ही प्रबंधांची खुली डिजिटल साठवण भरू लागली. मराठी साहित्य, लोककला, स्थानिक इतिहास यांवर काम करणाऱ्याला परदेशी गठ्ठ्यांपेक्षा हीच जास्त उपयोगी पडते. पूर्वी हे प्रबंध विद्यापीठात जाऊन, अर्ज देऊन, तिथेच बसून वाचावे लागत.

अधिकृत दारं ज्यांना बंद होती त्यांनी २०११पासून ‘साय-हब’चा, म्हणजे विकतचे निबंध परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या संकेतस्थळाचा, रस्ता धरला. २०१६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या संकेतस्थळाच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भारतातून सुमारे ३४ लाख डाउनलोड झालेले दिसले; पुढे फक्त चीन होता. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते संकेतस्थळ देशात बंद करण्याचा आदेश निघाला. चोरी की गरज हा वाद बाजूला ठेवला तरी ३४ लाख हा मागणीचा आकडा आहे, आणि सरकारी योजना आखणाऱ्यांनाही तो ठाऊक होता.

सध्याच्या योजनेचं मूळ पाहिलं तर एक गोष्ट नजरेत भरते. २०२०अखेर आलेल्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाच्या मसुद्यात ही वर्गणी देशातल्या प्रत्येक व्यक्तीसाठी असावी, असा विचार होता. म्हणजे गावचा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, पत्रकार, छोटा उद्योजक, सगळ्यांसाठी. १ जानेवारी २०२५ला प्रत्यक्षात आली ती सरकारी संस्थांपुरती. खासगी संस्था पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि कुठल्याही संस्थेत नसलेला वाचक तर बाहेरच राहिला.

मंजूर झालेला पैसा २०२७पर्यंतचा आहे. केंद्र सगळंच घेतंय म्हटल्यावर विद्यापीठांच्या अंदाजपत्रकातली नियतकालिकांची तरतूद आटणं साहजिक आहे, आणि आटलेली तरतूद वित्त समितीकडून परत मिळवणं किती जड जातं ते कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. २०२७नंतर दर जुळले नाहीत, तर भाड्याचे गठ्ठे बंद होतील त्या दिवशी या ग्रंथालयांकडे स्वतःचे पैसेही नसतील आणि कपाटात अंकही नसतील. म्हणून नव्या वाटाघाटींत दरापेक्षा जुन्या अंकांवरच्या कायमच्या हक्काचं कलम जास्त मोलाचं आहे. त्याची चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही.