माळ कुणाचा, मोजणी कशाची: सोलापूरच्या सरकारी जमिनींची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात गायरानावरचे अतिक्रमण, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याची हद्द आणि वनखात्याच्या जागेतली चराई यांवरून वाद उठतात, तेव्हा ते तीन निरनिराळे प्रश्न म्हणून चर्चेला येतात. जमीन मात्र बहुतेक वेळा एकाच जातीची असते: उथळ, मुरमाड, पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवी आणि उरलेले वर्ष पिवळी. हा माळ गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत सरकारने अनेकदा मोजला. मोजणाऱ्याला कधी सारा हवा होता, कधी लाकूड, कधी झाडोरा. गवत किती आणि ते कुणाच्या जनावराच्या पोटात जाते, हे फारसे कुणी विचारले नाही. आजचे बहुतेक वाद तिथून सुरू होतात, असे माझे मत आहे.

मराठेशाहीत कुरण राखणे हे राज्यकारभाराचे काम होते, कारण घोडदळ गवतावर उभे होते. इंग्रजी अमलात ती गरज संपली. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली आणि तीच रीत पुढे सोलापूरच्या तालुक्यांत आली. ३३ फुटांची साखळी, साखळीच्या चौरसाचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि जमिनीची प्रत आण्यांत. ही रीत शेतकऱ्याच्या फायद्याची होती, हे मान्य करायला हवे. आधीचा अवाच्या सवा सारा कमी झाला आणि ३० वर्षांसाठी ठरून गेला. पण सारा हलका झाल्यावर नांगर माळावर चढला. जे नांगरटीला येत नव्हते, ते पोटखराबा किंवा पडीक म्हणून नोंदले गेले. गुरांना चरायला जागा उरावी म्हणून १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद झाली. आजच्या गायरानाचा कायदेशीर पाया तो आहे. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ने तीच तरतूद पुढे चालवली.

दुसरी मोजणी वनखात्याची. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. १८७८चा आणि नंतर १९२७चा वन कायदा आला. या कायद्यांचे लक्ष जहाजाच्या आणि रेल्वेच्या लाकडावर होते, तर सोलापुरात वन म्हणून जे हाती लागले ते बाभूळ, हिवर, बोर आणि त्यांच्यामधले गवत. लाकडाच्या हिशेबात असे वन कायम निकृष्ट ठरते. त्यात चरणारी शेळी-मेंढी गुन्हेगार ठरली आणि धनगराच्या वाट्याला दंड किंवा कोंडवाडा आला. मेंढपाळ आणि फॉरेस्टवाले यांच्यातला अविश्वास तेव्हापासून मुरलेला आहे.

१९७२च्या दुष्काळाने या माळाचे नशीब काही काळ पालटले. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या कामांतून पुढे रोजगार हमी आली. केंद्राच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात (इंग्रजी आद्याक्षरांनी डीपीएपी) सोलापूरचा समावेश झाला आणि नान्नजसारख्या ठिकाणी माळाचे तुकडे चराईला बंद करून राखण्यात आले. लोक त्यांना आजही डीपीएपीचे प्लॉट म्हणतात. हेतू साधा होता: माती धरायची, ओल टिकवायची, चारा वाढवायचा. राखणीमुळे पवना आणि मारवेलसारखी चांगली गवते उभी राहिली आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला.

माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा हीच त्याची संरक्षक भिंत. म्हणूनच मेंढरांनी खरवडलेला माळ त्याच्या कामाचा नाही आणि दाट झाडीही नाही. गवत राखले की काय होते, याचा एवढा स्पष्ट पुरावा सोलापूरच्या मातीने दिला होता. तो धरून ठेवण्यात आपण कमी पडलो, याचे वाईट वाटते.

१९७९मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली शेते, गावे, तालुक्याची गावेसुद्धा हद्दीत आली. प्रत्यक्ष वनजमीन त्यात थोडी आणि विखुरलेली. परिणाम असा की, ज्याच्या रानात माळढोक कधी फिरकला नाही अशा शेतकऱ्याचेही खरेदीखत अडले, बिनशेती अडली. पक्ष्याविषयी आपुलकी वाटायची, तिथे राग साचला. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. तोवर १९८०मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी, विहिरी-बोअर, ऊस आणि द्राक्षबागा यांनी भोवतालची ज्वारी-करडईची उघडी राने बदलून टाकली होती. गेल्या काही वर्षांत नान्नजला माळढोक दिसलाच तर एखादाच.

झाडांचा हट्टही याच काळातला. १९५२च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचा एक तृतीयांश भाग वनाखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले. राज्यात १९८२मध्ये सामाजिक वनीकरण खाते निघाले. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी ही झाडे माळांवर लागली. भारतीय वन सर्वेक्षण १९८७पासून उपग्रहचित्रांवरून दर दोन वर्षांनी वनाच्छादन मोजते. किमान एक हेक्टर जागा आणि १० टक्के झाडोरा असेल, तर ते आच्छादन. उत्तम राखलेले गवताळ कुरण या व्याख्येत बसत नाही आणि त्याच्यावर उभी केलेली निलगिरी बसते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही असा खुरट्या झुडपांचा माळ ‘पडीक’ रंगात येतो. ज्या अधिकाऱ्याचे काम या आकड्यांवर तपासले जाते, त्याने झाडच लावले तर त्याला दोष कसा द्यायचा? काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांचा अधिवास मात्र रोपे लावण्याच्या उत्साहात आकसत गेला.

गायरानांची देखरेख तलाठ्याकडे. गाव नमुना १-अ वनजमिनींचा, १-ब बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींचा, १-ई अतिक्रमणांचा. २०११च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. त्या यादीत बड्यांचे कब्जे असतात, तशी भूमिहीनांची दोन खोल्यांची घरेही असतात. दोघांना एकच न्याय लावणे मला पटत नाही.

आता याच जमिनींना नवे गिऱ्हाईक आले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्रांजवळच्या सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, सौर प्रकल्पांसाठी दिली जातात. दिवसा शेतीला वीज मिळणे ही सोलापूरच्या शेतकऱ्याची खरी गरज आहे आणि योजनेला विरोध करण्याचे कारण नाही. पण जागा ठरण्याआधी त्या गटात कोणत्या वाड्यांची मेंढरे किती महिने चरतात, गवत कोणते आहे, पाणी कुठून कुठे वाहते, हे ग्रामसभेने मेंढपाळांना बोलावून लिहून घ्यावे आणि तो कागद प्रस्तावाला जोडावा. पाहणी पावसाळा सरता सरता, गवत उभे असताना व्हायला हवी. एप्रिलमध्ये गेलेल्याला तिथे नुसता मुरूम दिसतो.