रोझेनवाल्ड शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी गावकऱ्यांची वर्गणी, सरकारी कर आणि शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड (1862–1932) यांचे अनुदान एकत्र करून बांधलेली सार्वजनिक शाळागृहे. कालखंड सर्वसाधारणपणे 1912 ते 1932 असा धरतात. या मुदतीत 15 राज्यांतील 883 काउंट्यांमध्ये (जिल्ह्यासारख्या विभागांमध्ये) 4,977 शाळा, शिक्षकांची 217 निवासस्थाने आणि 163 कार्यशाळा, अशा एकूण 5,357 इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील सर्वाधिक, 813, नॉर्थ कॅरोलायनात होत्या. ‘रोझेनवाल्ड शाळा’ हे नाव रूढ असले तरी या खासगी शाळा नव्हत्या. जमीन आणि इमारत दोन्ही काउंटीच्या शिक्षण मंडळाच्या नावावर होत आणि शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून निघे. देणगीदाराने घातलेली ही अटच होती, आणि पुढे तिचे बरेवाईट दोन्ही परिणाम झाले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1896 च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. दक्षिणेतील राज्यांनी त्यातले ‘वेगळे’ तेवढे पाळले. कृष्णवर्णीयांकडूनही शाळेचा कर वसूल होई, पण मंडळे गोऱ्यांच्या हाती असल्याने तो बव्हंशी गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळे. ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय मुले चर्चमध्ये, लॉजच्या (बंधुमंडळाच्या) सभागृहात किंवा मोडक्या झोपडीत शिकत. शाळेचे सत्र कापसाच्या वेचणीभोवती आखलेले असे आणि अनेक ठिकाणी ते चार-पाच महिन्यांपलीकडे जात नसे.

उगम : योजना नेमकी कोणाची, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. जुन्या लेखनात श्रेय सरळ दोघांना मिळते : रोझेनवाल्ड आणि अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेचे (कार्व्हर यांच्या चरित्रामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या संस्थेचे) प्राचार्य बुकर टी. वॉशिंग्टन. दोघांची भेट 1911 मध्ये शिकागोत झाली आणि पुढच्या वर्षी रोझेनवाल्ड टस्कीगीचे विश्वस्त झाले. ऑगस्ट 1912 मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी टस्कीगीच्या धर्तीवर चालणाऱ्या संस्थांसाठी 25,000 डॉलर दिले. त्यातून उरलेल्या रकमेत टस्कीगीजवळ सहा लहान ग्रामीण शाळा बांधून पाहाव्यात, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली आणि ती मिळाली.

अलीकडच्या संशोधनात, विशेषतः मेरी हॉफश्वेल यांच्या अभ्यासात, टस्कीगीच्या विस्तार विभागाचे क्लिंटन जे. कॅलोवे यांना बरेच वरचे स्थान आहे. स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स यांच्या देणगीतून मेकन काउंटीत शाळा बांधण्याचे काम कॅलोवे 1912 पूर्वीच पाहत होते. गावाने आधी पैसे जमवायचे, मग बाहेरची मदत यायची, ही पद्धत तिथे रुळलेली होती. दुसरीकडे, अशीच अट रोझेनवाल्ड यांनी 1910 पासून कृष्णवर्णीयांच्या वाय.एम.सी.ए. इमारतींसाठी घातली होती : शहराने 75,000 डॉलर उभे केले की त्यांचे 25,000. तेव्हा ‘आधी तुमचे, मग आमचे’ ही रीत दोन वेगळ्या वाटांनी येऊन टस्कीगीत मिळाली, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे. गावपातळीवरची घडी मात्र कॅलोवे यांची दिसते.

पहिल्या सहा शाळा अलाबामातील मेकन, ली आणि माँटगोमेरी या तीन काउंट्यांत झाल्या. ली काउंटीतील लोचापोकाची शाळा 1913 मध्ये पूर्ण झाली आणि तीच पहिली मानली जाते. तिचा खर्च 942.50 डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांचे 300, स्थानिक गोऱ्यांचे 360 आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे 282.50, पैकी 150 रोख व 132.50 श्रमदानाचे मोल. पहिल्या शाळेचे साल काही ठिकाणी 1912 दिलेले आढळते, ते देणगीचे साल आहे. पुढच्या नोंदींतही असाच घोळ होतो. पुढे स्थापन झालेल्या रोझेनवाल्ड निधीचे दप्तर जुलै ते जून अशा आर्थिक वर्षाने चाले, त्यामुळे इमारतीवरची पाटी आणि निधीचे कार्ड यांत एका वर्षाचा फरक पडतो. टेनेसीतील फिस्क विद्यापीठात ही कार्डे व इमारतींची छायाचित्रे जतन केली आहेत. 1920 पूर्वीच्या टस्कीगी काळातील नोंदी मात्र त्यामानाने विरळ आहेत.

कारभार आणि वर्गणी : 1914 मध्ये प्रत्येकी 300 डॉलरप्रमाणे शंभर शाळांना मंजुरी मिळाली. 1915 मध्ये वॉशिंग्टन वारले, 1917 मध्ये रोझेनवाल्ड निधीची कायदेशीर नोंदणी झाली. काम वाढले तशी टस्कीगीच्या हिशेबांवर व देखरेखीवर टीका होऊ लागली. शालेय आरोग्य व बांधणीचे तज्ज्ञ फ्लेचर ड्रेसलर यांनी 1919 मध्ये शाळा फिरून पाहिल्या. बांधकाम कच्चे आणि आराखड्याशी फारकत, असा त्यांचा शेरा होता. त्यानंतर 1920 मध्ये कार्यालय नॅशव्हिलला हलले आणि सूत्रे सॅम्युएल एल. स्मिथ यांच्याकडे आली. स्मिथ गोरे होते. तांत्रिक दर्जा सुधारला, पण कृष्णवर्णीय संस्थेच्या हातून कारभार गेला. ही दुसरी बाजू जुन्या अहवालांत सहसा येत नाही.

प्रकरण साधारण असे पुढे सरके. गावाची समिती बने, बहुधा चर्चच्या आधारे. ती किमान दोन एकर जागा मिळवून शिक्षण मंडळाच्या नावे करून देई. आपला हिस्सा रोख, लाकूड किंवा मजुरीच्या रूपात जमा करी. अर्ज काउंटी अधीक्षकामार्फत राज्याच्या शिक्षण खात्याकडे जाई. तिथे कृष्णवर्णीय शाळांसाठी नेमलेला अधिकारी (बहुतेक राज्यांत गोरा, पगार रॉकफेलर घराण्याच्या शिक्षण मंडळाकडून) तो तपासून निधीकडे पाठवी. गावोगाव फिरून लोकांना उभे करण्याचे काम मात्र कृष्णवर्णीय बांधकाम प्रतिनिधी आणि जीन्स निधीच्या (ग्रामीण कृष्णवर्णीय शाळांना मदत करणाऱ्या दुसऱ्या निधीच्या) पर्यवेक्षक शिक्षिका करत. अनुदानाचा धनादेश इमारत पुरी होऊन तपासणी झाल्यावरच सुटे. 1920 च्या दशकात एकशिक्षकी शाळेला 400 ते 500 आणि द्विशिक्षकी शाळेला 700 ते 800 डॉलर मिळत. शिक्षकसंख्येनुसार रक्कम चढत जाई.

नड होती ती मधल्या टप्प्यात. गावाचे पैसे सर्वांत आधी जात, निधीचे सर्वांत शेवटी येत, आणि मंडळाने आपला वाटा लांबवला तर अर्धी भिंत उभी राहून काम अडे. कापसाचा भाव पडला की कबूल केलेली वर्गणी येत नसे. म्हणून काही गावे एखादा एकर कापूस शाळेच्या नावाने वेगळा लावत. त्याला ‘रोझेनवाल्ड पॅच’ म्हणत. शिवाय कोंबड्या व घरगुती जेवणे विकत आणि जेवणाच्या डब्यांचे लिलाव करत. अलाबामातील बोलिगी येथे गुलामगिरी पाहिलेल्या एका वृद्धाने साठवलेले 38 डॉलर सभेत टेबलावर ओतले, अशी नोंद तिथल्या बांधकाम प्रतिनिधीने केली आहे.

1932 पर्यंतचा एकूण खर्च 2,84,08,520 डॉलर होता. त्यात सरकारी कर 1,81,05,805 (सुमारे 64 टक्के), कृष्णवर्णीयांची वर्गणी 47,25,871 (16.6 टक्के), रोझेनवाल्ड निधी 43,64,869 (15.4 टक्के) आणि गोऱ्यांची वर्गणी 12,11,975 (4.3 टक्के). ज्यांच्या नावाने शाळा ओळखल्या गेल्या त्यांच्यापेक्षा शेतमजुरांनी जास्त दिले, हे आकडेच सांगतात. त्यातही श्रमदानाचे मोल दर वेळी पुरते धरले गेले असेल असे नाही, आणि ‘सरकारी कर’ या रकान्यात कृष्णवर्णीयांनी भरलेला करही आहे. इतिहासकार जेम्स डी. अँडरसन यांनी याला दुहेरी करआकारणी म्हटले आहे : एकदा कर भरायचा, तो दुसरीकडे जातो, म्हणून पुन्हा वर्गणी काढायची. हॉफश्वेल प्रभृती याच व्यवहारात लोकांची संघटनशक्ती आणि नाखूश मंडळांना खर्चात ओढण्याची युक्ती पाहतात. दोन्ही मते परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही, मात्र सक्तीचा भाग नजरेआड केला की पहिल्या मताचा मुद्दा निसटतो.

आराखडे : टस्कीगीच्या 1915 च्या पुस्तिकेतील आराखडे मुख्यतः रॉबर्ट आर. टेलर यांचे. एम.आय.टी.तून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 1920 नंतर स्मिथ यांच्या कार्यालयाने क्रमांकित आराखडे नाममात्र खर्चात पुरवले. गावात वीज नाही हे गृहीत धरून सगळी मांडणी सूर्यप्रकाशाभोवती केलेली होती. प्रत्येक वर्गाच्या एकाच बाजूला उंच खिडक्यांची सलग रांग असे, बहुधा वरखाली सरकणारी, प्रत्येक झडपेत नऊ काचांची. खिडक्या सुट्या ठेवल्या तर मधल्या भिंतीची सावली बाकांवर पडते, म्हणून त्या खेटून बसवत. बाके अशी मांडत की उजेड डाव्या खांद्यावरून यावा, नाहीतर लिहित्या हाताची सावली कागदावर येते. समोरच्या भिंतीला मोठ्या खिडक्या नसत, कारण दोन्हीकडून उजेड आला की डोळे दिपतात. तिथे वाऱ्यापुरत्या लहान खिडक्या उंचावर असत. पडदे फिक्या रंगाचे. जमिनीपासून उचललेली जोती विटांच्या खांबांवर.

प्रत्येक आराखड्यावर दिशा छापलेली असे. ‘क्रमांक 20’ हा लोकप्रिय द्विशिक्षकी आराखडा फक्त पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख बांधायचा होता, म्हणजे वर्गांना दक्षिणेचे प्रखर ऊन लागत नाही. त्यात दोन वर्ग शेजारी, मध्ये सरकती भिंत आणि दर्शनी बाजूला हस्तकलेची खोली. भिंत सरकवली की सभागृह तयार होई. नेहमीची चूक इथेच होई : दरवाजा रस्त्याकडे हवा म्हणून इमारत फिरवायची. मग आराखडा बरोबर असूनही वर्ग दिवसभर तापत किंवा अंधारे राहत. दुसरी कुचराई फर्निचरची. नवी बाके, लिहायचे फळे आणि दोन स्वच्छ शौचकूप या अटी असूनही गोऱ्या शाळांतून टाकून दिलेली बाके इथे येत.

अध्यापनाविषयीची माहिती त्रोटक आहे. हस्तकला आणि शेती यांना स्थान होते. औद्योगिक शिक्षणावरील हा भर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना खटकत असे. बऱ्याच शाळा आठवीच्या आत संपत.

परिणाम : 1932 पर्यंत दक्षिणेतील ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले या इमारतींत शिकत होती. डॅनियल ॲरन्सन आणि भाष्कर मझुमदार यांच्या 2011 च्या अभ्यासानुसार, दोन महायुद्धांदरम्यानच्या पिढ्यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय दाक्षिणात्यांमधील शालेय वर्षांची तफावत जेवढी घटली, तिचा मोठा वाटा या शाळांकडे जातो. काँग्रेस सदस्य जॉन लुईस अशाच शाळेत शिकले. समता मात्र या योजनेचे घोषित उद्दिष्ट नव्हते. विभक्त शाळांच्या चौकटीला तिने हात लावला नाही, आणि गोरी मंडळे तिच्याशी जुळवून घेऊ शकली त्याचे हेही एक कारण.

मंदीत रोझेनवाल्ड यांच्या सिअर्स या किरकोळ विक्री कंपनीचे समभाग, ज्यांत निधीची पुंजी होती, कोसळले, जानेवारी 1932 मध्ये ते वारले आणि इमारतींचे अनुदान थांबले. जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्जची एलिनॉर रूझवेल्ट शाळा हा त्यानंतरचा अपवाद. देणगी कायमची गोठवून ठेवू नये या रोझेनवाल्ड यांच्या मतानुसार निधीने मुद्दलही खर्च केले आणि 1948 मध्ये तो बंद झाला.

विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन निकालानंतर, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी 1960 च्या दशकात, शाळा एकत्र झाल्या. बंद पडल्या त्या प्रायः कृष्णवर्णीयांच्या, आणि त्यांच्या अनेक शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. इमारत मंडळाच्या नावावर असल्याने ती विकण्याचा वा पाडण्याचा अधिकार मंडळाकडेच राहिला. ज्यांच्या आजोबांनी लाकूड वाहिले त्यांना ती परत विकत घ्यावी लागल्याची उदाहरणे आहेत. मूळ शाळांपैकी अंदाजे दहा टक्के उरल्या असाव्यात. 2002 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने त्यांना सर्वाधिक धोक्यातील 11 स्थळांच्या यादीत घेतले. जानेवारी 2021 मध्ये झालेल्या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यान सेवेकडे त्यांच्या पाहणीचे काम सोपवले गेले. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅमची रसेल शाळा, टेनेसीतील कैरो येथील एकशिक्षकी शाळा आणि मेरिलँडची रिजली शाळा या टिकलेल्या इमारतींपैकी काही. डागडुजीत प्रथम सोडवावा लागतो तो मालकीहक्काचा गुंता, त्यानंतर छप्पर. खिडक्यांची मूळ रांग अनेक ठिकाणी पुढे फळ्या ठोकून बंद केलेली आढळते.