९ वॅटचा बल्ब, ४० ग्रॅमचं पिल्लू

डिसेंबरात एका सकाळी जुन्नरकडच्या मित्राचा फोन आला. आदल्या दुपारी त्यानं गिरिराजा या सुधारित जातीच्या कोंबडीची २५ पिल्लं आणली होती, एक दिवसाची. खोक्यात भाताचं तूस, वर वर्तमानपत्र, पाण्यात गूळ, डोक्यावर बल्ब, सगळं रीतसर. सकाळी पाहतो तर खोक्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग आणि ढिगाखालची ११ मेलेली. घरच्यांचं म्हणणं, शेजारीण "किती गोजिरी गं!" म्हणून गेली, तिची नजर लागली. मित्राचं म्हणणं, हॅचरीनं रोगट माल गळ्यात मारला. मी विचारलं, बल्ब कोणता?

"नऊ वॅटचा, एलईडी. लख्ख उजेड होता की!"

उजेडच होता. पिल्लांना हवी होती ऊब. तारेचा जुना पिवळा बल्ब खाल्लेल्या विजेपैकी ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. दिवा म्हणून तो भिकार, पण शेगडी म्हणून झकास. कोंबडीपालनातला साधा हिशेब आहे पिल्लामागे २ वॅट. म्हणजे २५ पिल्लांना ५०. एलईडीची सगळीच्या सगळी वीज उष्णतेत गेली असती, तरी ती ९ वॅटच भरली असती.

यावर मित्राचा प्रश्न रास्त होता. खोली काही बर्फाची नव्हती, आणि पक्षी तर उष्ण रक्ताचे असतात ना?

असतात, पण मोठे झाल्यावर. कोंबडीचं अंग बाहेर कितीही गारठा असला तरी ४१ अंशांच्या आसपास राहतं. एक दिवसाचं पिल्लू मात्र या बाबतीत अर्धं पक्षी आणि अर्धं सरडा असतं. भोवतालची हवा गार झाली की तेही गार होत जातं. याची कारणं तीन, आणि त्यातलं पहिलं माझं फार लाडकं आहे.

उष्णता तयार होते अंगाच्या आत, मांसात. आणि निसटते कातडीवरून. म्हणजे जमा वजनाच्या हिशेबानं आणि खर्च पृष्ठभागाच्या. पिल्लू धरा ४० ग्रॅमचं आणि कोंबडी १,६०० ग्रॅमची. वजन ४० पट. आकार तोच ठेवून प्राणी मोठा केला, तर वजन लांबीच्या घनानं वाढतं आणि कातडी वर्गानं. ४० चं घनमूळ साधारण ३.४. म्हणून कोंबडीचं वजन पिल्लाच्या ४० पट असलं, तरी कातडी जेमतेम १२ पट भरते. उलट बाजूनं पाहा: पिल्लाच्या प्रत्येक ग्रॅममागे उष्णता गळायला कोंबडीच्या जवळपास साडेतीन पट जागा असते. चहा बशीत ओतला की पटकन निवतो, तोच हा प्रकार.

दुसरं कारण म्हणजे भट्टीच लहान. माणसाच्या तान्ह्या बाळाच्या खांद्यांपाशी तपकिरी चरबी असते. ती न थरथरता जळते आणि बाळाला ऊब देते. पक्ष्यांत ही चरबी नसतेच. त्यांना मुख्यतः स्नायू थरथरवूनच उष्णता काढावी लागते, आणि कालच्या पिल्लाचे स्नायू ते कितीसे. तिसरं कारण पांघरूण. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. खऱ्या पिसाचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात, चेन लावल्यासारखे, आणि आतली हवा कोंडून ठेवतात. लवेला आकडे नाहीत. ती ओली झाली की संपलंच. म्हणून पाण्याचं भांडं उथळ ठेवतात.

आता तो ढीग. घनमूळ कळलं की ढीगही कळतो. २५ पिल्लं एकमेकांना चिकटली की उघडी कातडी कमी होते. २५ छोट्या प्राण्यांचा मिळून एक मोठा प्राणी होतो. युक्ती अगदी बरोबर आहे, फक्त खालची गुदमरतात. खोक्याला कोपरे असले की ढीग तिथेच रचला जातो. म्हणून ब्रूडरभोवती, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेभोवती, पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं लावायचं. नजर काढायला मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आधी कोपरे काढावेत. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात, ती घरी आणल्यावर दोन दिवसांत जातात; त्यातलीही बरीचशी अशीच, उबेवाचून.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन कलकलाट करत असली तर थंडी. कडेला जाऊन चोच वासून बसली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठूनतरी वाऱ्याचा झोत येतोय. विखरून टिपत असली तर छान. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिचा धूर न दिसताही मारतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. खुडूक कोंबडीखाली पिल्लं असतील तर यातलं काहीच नको, पण अंड्यांसाठी निवडत आणलेल्या सुधारित जातींतून खुडूकपणा बराचसा गेला आहे.

बाहेर कधी काढायचं? कॅलेंडर नको, पिसं बघा. पंखांवर पहिल्याच आठवड्यात फुटतात, पाठ-छाती भरायला पाच-सहा आठवडे लागतात. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, तेही गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर असलेलं. नुसत्या कणीवर वाढवलेलं पिल्लू म्हणूनच उशिरापर्यंत उघडंबोडकं राहतं. पहिले आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं भरपूर प्रथिनांचं तयार खाद्य, घालावं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत असताना आठवडाभर जास्त थांबावं. विदर्भात मे महिन्यात चौथ्या आठवड्यातही चालून जाईल. आधी दिवसा बल्ब बंद, मग रात्रीही, मग खुराडं. मानमोडी म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो या दुसऱ्या रोगाची चौदाव्या दिवशी आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आर-टू-बी ही लस, सुईनं. ही मात्र कॅलेंडर बघूनच.

मित्रानं उरलेल्या १४ पिल्लांसाठी भंगारवाल्याकडून तारेचा बल्ब शोधून आणला. सहाव्या आठवड्यानंतर त्यानं ती खुराड्यात तीन दिवस कोंडली, घर ओळखावं म्हणून, आणि चौथ्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी दार उघडलं. अंधार पडताना १२ आपणहून आत शिरली. दोन अंगणातल्या डाळिंबावर चढून बसली होती, ती बॅटरी लावून उतरवावी लागली. बॅटरी एलईडीची.