जुना व्हॉल्व्हचा लिनियर घ्यायचाय? पात्रता, परीक्षा, कागदपत्रं आणि पेटी उघडण्याआधीचं बरंच काही

लिनियर म्हणजे हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसच्या, सेटची पॉवर वाढवणारी पेटी. गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या घरी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हीथकिटचा एसबी-२२० लिनियर मिळतोय. दोन्ही व्हॉल्व्ह चांगले आहेत म्हणतात. घेऊ का?"

"कॉल साइन काय तुझी?"

"व्हीयू३ वाली. रिस्ट्रिक्टेड."

"मग आत्ता नको घेऊस."

पोराचा चेहरा उतरला. (कॉल साइन म्हणजे परवान्यासोबत मिळणारं स्टेशनचं नाव, आणि रिस्ट्रिक्टेड ही परवान्याची खालची श्रेणी.) चहा झाला, आणि पुढचा दीड तास मी त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडून हाच प्रश्न मला वरचेवर येतो, आणि दर वेळी विचारणाऱ्याने पैसे आधी मोजलेले असतात.

आपल्याकडे हॅम रेडिओचा कारभार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंग पाहते. नियम १९७८ चे, त्यात मोठी दुरुस्ती २००९ मध्ये झाली. वायरलेसचं यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा, ही गोष्ट १९३३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, म्हणून अर्ज भरायला बसाल त्या दिवशी विभागाच्या सरल संचार पोर्टलवरच्या सूचना आणि फी पुन्हा एकदा वाचूनच पुढे जा. लिनियरला स्वतःचा मायक्रोफोन नसतो, त्यामुळे बऱ्याच जणांना तो निव्वळ एक सुटा ॲम्प्लिफायर वाटतो. तसं समजू नका. लिनियर हा ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा आहे आणि त्याची जागा परवानाधारकाच्या स्टेशनातच आहे.

आता पात्रता. वय किमान १२ वर्षं. शिक्षणाची अट नाही. दहावी नापास मेकॅनिकसुद्धा बसू शकतो, आणि माझ्या अनुभवात तोच पदवीवाल्यापेक्षा लवकर पास होतो. परवान्याच्या श्रेणी दोन. रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटची मर्यादा, जनरलला ४०० वॅटची. कॉल साइन अनुक्रमे व्हीयू३ आणि व्हीयू२ ने सुरू होते. मी त्या मुलाला थांबवलं ते याच आकड्यांमुळे. बाजारातला साधा एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेट १०० वॅटचा असतो, म्हणजे रिस्ट्रिक्टेडवाल्याला तोच निम्म्याच्याही खाली आणून चालवावा लागतो. त्याला लिनियरचा काडीचा उपयोग नाही. लिनियर हवा असेल तर जनरल हवं, यात मधला रस्ता नाही.

जनरलसाठी रिस्ट्रिक्टेडची पायरी चढलीच पाहिजे असं नाही, थेट बसता येतं. लेखी परीक्षेचे दोन भाग असतात: एक रेडिओचं तंत्र, दुसरा नियम. जनरलला प्रत्येक भागात ५० टक्के आणि मिळून ५५ टक्के लागतात. रिस्ट्रिक्टेडला तेच ४० आणि ५०. खरी कसोटी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची. मिनिटाला ८ शब्द, सलग ५ मिनिटं, ऐकून लिहायचं आणि 'की'वर (मोर्स पाठवायच्या खटक्यावर) पाठवूनही दाखवायचं. पाच अक्षरांचा एक शब्द धरला तर ही २०० अक्षरं होतात. आकडा ऐकून घाबरू नका. रोज जेवणाआधी पंधरा मिनिटं, एकही दिवस न चुकवता, असं तीन महिने केलंत तर हात बसतो. टिंब आणि रेघा मोजत बसू नका, अक्षराचा नाद ऐका. ज्याने लहानपणी भजनात टाळ धरलाय त्याला हे पटकन कळतं.

अर्ज सरल संचारवर ऑनलाइन. परीक्षेची फी १०० रुपये. फोटो, सही, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे आधारवर 'दत्तात्रय' आणि शाळेच्या दाखल्यावर 'दत्ता' ही तऱ्हा घरोघरी आहे, आणि अर्ज अडतो तो तिथेच. परीक्षेला आमच्याकडचे लोक मुंबई केंद्र घेतात. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा असं सगळ्यांना गोळा करत सकाळी मुंबईत सोडते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च वाचतो.

पास झालात की हातात प्रमाणपत्र येतं. इथे अनेकांची गल्लत होते. प्रमाणपत्र म्हणजे तुम्हाला स्टेशन चालवता येतं याचा दाखला. स्टेशन उभं करायचा परवाना वेगळा, त्याचा अर्जही वेगळा. त्याला २० वर्षांसाठी १,००० किंवा आयुष्यभरासाठी २,००० रुपये. मी आयुष्यभराचाच घ्या म्हणतो. नूतनीकरणाची तारीख विसरून परवाना गमावलेले लोक मी पाहिलेत. प्रमाणपत्राची प्रत, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, स्टेशन जिथे असणार तो नेमका पत्ता, इतकं लागतं. मग पोलीस पडताळणी. ठाण्यातून फोन आला की मूळ कागद घेऊन जा आणि हॅम रेडिओ म्हणजे काय ते शांतपणे सांगा. कृष्णेच्या २०१९ च्या पुरानंतर आमच्या भागात 'मोबाईल बंद पडल्यावर चालतं ते' एवढं म्हटलं तरी समोरच्याला पटतं. पडताळणीला वेळ लागतो. त्या वेळात सेटही घेऊ नका आणि लिनियरही.

परवाना आणि कॉल साइन हातात आली, की मग खरेदी.

जुनी पेटी घेताना दुकानाच्या बिलासारखं काही मिळत नाही, तेव्हा कागद आपणच करायचा. साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव आणि कॉल साइन, घेणाऱ्याचं नाव आणि कॉल साइन, मेक, मॉडेल, मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर, कोणते व्हॉल्व्ह आणि किती, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. सोबत दोघांच्या परवान्याच्या प्रती. विकणारा 'लायसन्सचं कशाला काढताय' म्हणायला लागला, तर नमस्कार करून बाहेर पडा. परदेशातून मागवणार असाल, तर माल निघण्याआधी डब्ल्यूपीसीकडून आयातीचं काम पुरं करा. पेटी कस्टममध्ये पडल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

बऱ्याच चांगल्या पेट्या दिवंगत हॅमच्या घरातून येतात. घरच्यांना त्यातलं काही ठाऊक नसतं, आणि परवाना माणसाबरोबरच संपलेला असतो. अशा घरी भाव पाडायला जाऊ नका. त्यांना समजावून सांगा की हे सामान परवानाधारकाकडेच जायला हवं, भंगारात नको, आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून वरच्यासारखाच कागद करून द्या. त्यांची जुनी लॉगबुकं (कोणाशी कधी बोलले त्याच्या वह्या) दिसली तर ती घरच्यांकडेच राहू द्या.

वाहतुकीचं एक सांगतो, कारण मी स्वतः पोळलोय. माझी पहिली पेटी ट्रान्सपोर्टने मिरजेला आली ती व्हॉल्व्ह सॉकेटमध्येच ठेवून. एका ३-५००झेड व्हॉल्व्हची काच फुटलेली, आणि ट्रान्सफॉर्मर बोल्टसकट पत्रा फाडून आडवा झालेला. तेव्हापासून माझा नियम: व्हॉल्व्ह काढून कापसात उभे, ट्रान्सफॉर्मर काढून वेगळ्या लाकडी खोक्यात, आणि रिकामी पेटी तिसऱ्या खोक्यात.

आता फेरफाराबद्दल. स्वतः बनवणं आणि बदलणं हा या छंदाचा गाभाच आहे, नियम त्याला आडवे येत नाहीत. पण ४०० वॅट म्हणजे कशाचे, हे आधी समजून घ्या. इथे मोजतात ती शेवटच्या टप्प्याला दिलेली डीसी पॉवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटचा व्होल्टेज गुणिले प्लेटचा करंट. एरिअलला जाणारी पॉवर नव्हे. एसबी-२२० मध्ये दोन ३-५००झेड असतात आणि अमेरिकन हिशेबाने तो एसएसबीवर (बोलायच्या पद्धतीवर) २,००० वॅट इनपुटचा आहे. त्याचा धाकटा भाऊ एसबी-२००, दोन ५७२बी वाला, तोही १,२०० वॅटचा. दोन्ही आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणून आपल्याकडे पहिला फेरफार पॉवर खाली आणायचा. एसबी-२२० सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) कमी व्होल्टेजवर ठेवा. तिथे प्लेटला साधारण २,४०० व्होल्ट असतात, म्हणजे प्लेट मीटर १६५ मिलिअँपिअरला पोचलं की ३९६ वॅट झाले. मी मीटरच्या काचेवर त्या जागी लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारली आहे. बोलताना काटा आवाजाच्या मागे राहतो, म्हणून शिखर रेघेला लागेल असं नाही, तर बरंच अलीकडे राहील असा सेटचा ड्राइव्ह (सेटमधून लिनियरला जाणारी पॉवर) ठेवायचा.

मग मिळतं काय? साठ टक्के कार्यक्षमता धरली तर बाहेर २४० वॅटच्या आसपास. १०० वॅटच्या सेटपुढे ही वाढ चार डेसिबलहून कमी, समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या) अर्धा-पाऊण एस. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? पावसाळ्यात सात मेगाहर्ट्झवर विजांची खरखर असताना तेवढ्यानेच माझा आवाज वर आलाय, म्हणून मी तरी हो म्हणतो. पण आकडा माहीत असूनच घ्या.

दुसरा फेरफार टाळताच येणार नाही. एसबी-२२० च्या रिलेच्या जॅकवर (सेटने लिनियर चालू करायच्या जोडणीवर) शंभरहून जास्त डीसी व्होल्ट असतात. जुन्या सेटला त्याचं काही वाटत नसे. आजचा सेट त्याला थेट जोडलात तर त्याचा कीइंगचा ट्रान्झिस्टर जागच्या जागी जातो. मधे छोटं ट्रान्झिस्टर सर्किट किंवा कमी व्होल्टेजचा रिले टाकायचाच. काही जुन्या पेट्यांना दहा मीटरचा बँड नसतो. १९७८ मध्ये अमेरिकेने सीबीवरचा (सर्वसामान्यांच्या वायरलेस बँडवरचा) गैरवापर रोखायला तो बंद करायला लावला होता. तो परत जोडता येतो, पण ते शेवटचं काम.

आधी कंडेन्सर. एसबी-२२० मध्ये २०० मायक्रोफॅरडचे आठ इलेक्ट्रोलिटिक एकापाठोपाठ असतात, मिळून २५ मायक्रोफॅरड. ३,००० व्होल्टवर त्यात ११२ जूल भरलेले असतात. हृदय थांबवायला ते फार झाले. चाळीस-पन्नास वर्षांचे कंडेन्सर तपासत बसू नका, आठही बदला, सोबत त्यांचे ब्लीडर रेझिस्टन्स (कंडेन्सर रिकामे करणारे) बदला. नवीन ब्लीडर १०० किलोओहमचे टाकले की उष्णता कमी होते, पण बँक रिकामी व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात, हे विसरायचं नाही.

माझी पद्धत अशी. प्लग भिंतीतून काढून स्वतःच्या खिशात. मीटर शून्यावर येईपर्यंत हात लांब. त्यानंतरही पाच मिनिटं. मग वाळलेल्या बांबूची हातभर काठी, तिच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड वायर, वायरचं दुसरं टोक आधी चासीला घट्ट. एक हात पाठीमागे. आकडा एचटीला (प्लेटच्या हाय व्होल्टेजला) टेकवायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायचा. घरात दुसरं माणूस असल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

आपल्या भागाचे दोन मुद्दे. ३-५००झेडच्या फिलामेंटला ५ व्होल्ट लागतात, ४.७५ ते ५.२५ च्या आत. गावाकडे रात्री शेतातले पंप बंद झाले की लाइन २५० पर्यंत चढते. २३० वर बरोबर ५ भरत असतील तर २५० वर ५.४ होतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. तेव्हा मोजणी रात्री करा, आणि थेट सॉकेटच्या पिनांवर. दुसरं अर्थिंग. सांगलीची काळी माती ओली असताना उत्तम, पण चैत्रात ती भेगाळते आणि रॉड सुटा पडतो, म्हणून खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. सातारच्या वरच्या बाजूला मुरूम आणि जांभा, तिथे एका रॉडवर भागत नाही.

चालू झाल्यावरचे कागद थोडेच. लॉगबुक ठेवा आणि शेवटच्या नोंदीपासून निदान वर्षभर जपा. मी त्यात प्लेट करंटचा रकाना जास्तीचा आखलाय. शेजारच्या टीव्हीवर पट्टे आले तर जबाबदारी आपली, लिनियर बंद करून आधी त्यांच्याकडे जाऊन बघायचं. विश्रामबागेतून कुपवाडला राहायला गेलात तरी नवा पत्ता परवान्यावर नोंदवून घ्यावाच लागतो.

त्या मुलाने पेटी घेतली नाही. विकणारे गृहस्थ परवानाधारक आणि ओळखीचे निघाले, त्यांनी मलाच देऊ केली. ती आता माझ्या खोलीत आहे, माझ्या नावावर, व्हॉल्व्ह कापसात. मुलाने जनरलचा अर्ज भरलाय. रोज संध्याकाळी सातला तो फोनवर मोर्सची पंचवीस अक्षरं पाठवतो आणि मी लिहून घेतो. काल तेवीस बरोबर आली. 'क्यू' आणि 'वाय' मध्ये त्याची अजून अदलाबदल होते.