बर्मात पुरलेल्या स्पिटफायरचं काय ते एकदा नीट सांगतो

ब्रिटिशांनी 1945 ला रंगूनच्या मिंगलाडोन एअरफील्डवर कोरी स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली त्यांची लढाऊ विमानं, खोक्यांत भरून पुरली, ही गोष्ट अजून फिरतेय. अहो, जानेवारी 2013 मध्ये तिथे खरंच खोदकाम झालं, हाती एकही विमान नाही लागलं! बर्माच्या उत्तरेकडच्या मितचिनात जमिनीत एक खोकं दिसलं, कॅमेरा आत सोडला तर नुसतं गढूळ पाणी.

आणि मुळात अशी विमानं पुरलेली नाहीत हे कागदांवरूनच कळत होतं. 20 हजारांवर स्पिटफायर बनली, पण प्रत्येकाला स्वतःचा सीरियल नंबर, म्हणजे एमके 356 असा, आणि कुठे पाठवलं, कधी मोडीत काढलं याचं कार्ड, हौशी मंडळी वर्षानुवर्षं एकेक नंबर जुळवत बसतात म्हणून तर आज वाचलेली विमानं आपल्याला माहितीयत, त्या मेहनतीवर विश्वास ठेवा ना.