चर्चमधील गायनासाठी आम्हाला बोलावण्यापूर्वी
(बडोदे शहर व परिसरातील ग्राहकांसाठी)

आम्ही आठ गायक: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, प्रत्येकी दोन. लग्नाचा मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), अंत्यविधी, नाताळ आणि पॅरिशचा सण, एवढ्यासाठीच गातो. रिसेप्शनला नाही.

तारीख ठरली की आधी फादरांना भेटा, मग आम्हाला फोन करा. उलटं केलं की हमखास घोळ होतो, कारण मिस्सात काय गायचं हे फादरच ठरवतात. सिनेमातलं गाणं कितीही सोज्वळ असलं तरी बहुतेक फादर नाहीच म्हणतात. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) आलेलूया गात नाहीत, त्या काळातल्या रविवारी ग्लोरियाही (देवाच्या स्तुतीचं गीत) नसतो. पॅलेस्ट्रीना किंवा बर्ड या सोळाव्या शतकातल्या रचनाकारांनी मिस्सासाठी बांधलेली अख्खी गीतमाला हवी अशी मागणी येते, तेव्हा आम्हीच थोडं अडवतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या सहभागावर भर दिला, तेव्हा निदान ‘सांक्तुस’ (‘पवित्र, पवित्र’ हे गीत) सगळ्यांना म्हणता येईल अशा चालीत ठेवावा. ग्लोरिया एकटाच पाच-सहा मिनिटं चालतो आणि तेवढा वेळ फादरही वेदीपाशी थांबून असतात.

अर्पणाला (भाकर आणि द्राक्षरस वेदीवर आणताना) तीन-चार मिनिटं मिळतात. मोझार्टचं ‘आवे वेरुम’ (१७९१) अवघ्या ४६ मात्राखंडांचं, साधारण तीन मिनिटांचं. तिथे ते नेमकं बसतं. ख्रिस्तप्रसादाचा हिशेब निराळा. दीडशे माणसं आणि वाटायला एकटे फादर असले तर बारा-पंधरा मिनिटं धरा. एक रचना पुरत नाही, म्हणून दोन रचना आणि मध्ये कुठेही थांबवता येईल असं ग्रेगोरियन गायन (चर्चचं जुनं, एकाच चालीचं गायन) ठेवतो. माणसांचा अंदाज आधी कळवलात तर गाणं अर्ध्यावर तोडावं लागत नाही.

कीबोर्ड असावा का? शक्यतो नको. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला कारण लगेच पटेल. पेटीचा, तसाच कीबोर्डचा, शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, सुमारे १४ सेंट (अर्धा स्वर म्हणजे शंभर सेंट), म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. वाद्याविना गाणारे गळे एकमेकांना ऐकत त्या खालच्या गंधाराकडे सरकतात आणि मेळ शांत होतो. मध्येच कीबोर्ड वाजला की तोच मेळ घासायला लागतो. दुसरी अडचण पट्टीची. वाद्याविना गाताना, विशेषतः दमल्यावर, ती हळूहळू उतरते आणि कोणाला कळतही नाही. पुढच्या कडव्याला कीबोर्ड शिरला की मात्र शेवटच्या बाकापर्यंत कळतं. म्हणून एकेक रचना पूर्ण वाद्यासह किंवा पूर्ण वाद्याविना. वाद्य नसेल तेव्हा ट्यूनिंग फोर्कवरून पांढरी सहा (४४० हर्ट्झ) घेतो.

माइक वाचनासाठी आणि स्तोत्र गाणाऱ्या एकट्या गायकासाठी ठेवा, आठ जणांपुढे नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७ मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःचाच सूर पाव सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा परत येतो आणि ताल डगमगतो. जागा म्हणून मागचा माळा उत्तम. तो नसेल तर एका बाजूला, भिंतीला पाठ करून अर्धवर्तुळात उभे राहतो. डोक्यावरचे पंखे गाण्यापुरते बंद हवेत. मे महिन्यात ही मागणी अंगावर येते, ठाऊक आहे. तेव्हा सकाळची वेळ घ्या.

चर्च रिकामं असताना मध्यभागी एकदा जोरात टाळी वाजवा आणि घुमणं किती सेकंदांनी थांबतं ते आम्हाला सांगा. चार सेकंदांवर गेलं तर संथ रचना निवडतो, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. दीडच्या आत आलं तर चारही आवाज एकत्र चालणाऱ्या साध्या रचना. भरलेल्या चर्चमध्ये घुमणं आणखी कमी होतं, तेही धरून चालतो.

बसलेल्या रचनेला दोन आठवडे, नवीला सहा आठवडे द्या. अंत्यविधीला एवढा अवधी कुठला! तिथे शवपेटी बाहेर नेताना ‘इन पाराडिसुम’ गातो. ते सगळ्यांनी एकाच चालीत गायचं, म्हणून तिघेही पुरतात. लोकांना वाटायच्या पानावर लॅटिन शब्द देवनागरीत छापून देतो, उच्चार चर्चच्या पद्धतीने: ‘एक्शेल्सिस’, ‘आन्यूस’. छापण्यापूर्वी नावं आणि क्रम फादरांकडून तपासून आणा.

धूपदान आमच्या समोरून फिरणार असेल तर तेही आधी सांगा. त्या धुरात सोप्रानोचा वरचा सूर लागत नाही.