हायपरटेक्स्ट कथेचे वाचन

सुट्या मजकूरखंडांना दुव्यांनी जोडून संगणकासाठी रचलेली आणि प्रत्येक वाचनात वेगळ्या क्रमाने उलगडू शकणारी कथा म्हणजे हायपरटेक्स्ट कथा. ती वाचण्यासाठी लागणारे कौशल्य हा या नोंदीचा विषय आहे. छापील पुस्तकात पुढचे पान कोणते हे बांधणीच ठरवते. येथे वाचक एखाद्या शब्दावर क्लिक करतो आणि कथा त्या बाजूला वळते. या प्रकारात वाचकच लेखक होतो, असे उत्साहाने सांगितले जाते, पण ते फारसे खरे नाही. खंड आणि दुवे दोन्ही लेखकानेच ठरवलेले असतात. वाचकाच्या हाती राहतो तो त्यांचा क्रम आणि त्या क्रमातून अर्थ लावण्याचे काम.

‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये मांडली. क्रम मोडण्याची कल्पना मात्र केवळ संगणकाची नव्हे. हुलिओ कोर्तासार यांच्या १९६३ च्या ‘रायुएला’ या कादंबरीत १५५ प्रकरणे असून ती पहिल्या ५६ प्रकरणांपर्यंत सरळ वाचावी किंवा लेखकाने दिलेल्या तक्त्यानुसार ७३ व्या प्रकरणापासून उड्या मारत वाचावी, असे दोन मार्ग सुचवलेले आहेत. मराठी वाचकालाही सुट्या प्रसंगांतून आकृती जुळवण्याची सवय जुनी आहे. लीळाचरित्रातील लीळा एकेकट्या वाचता येतात आणि त्यांतील काहींना पाठभेदही जोडलेले आढळतात.

या प्रकारातील पायाभूत कृती म्हणजे मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’. १९८७ मध्ये तयार झालेली आणि १९९० मध्ये ईस्टगेट सिस्टिम्सने प्रकाशित केलेली ही कथा ‘स्टोरीस्पेस’ या प्रणालीत रचलेली आहे. पीटर या निवेदकाने सकाळी रस्त्यावर एक अपघात पाहिला आहे. त्यात आपला मुलगा आणि त्याची आई सापडले असावेत, या शंकेने तो दिवसभर अस्वस्थ आहे. पाचशेहून अधिक खंडांच्या या कथेत कोणत्या शब्दाला दुवा आहे हे रंगाने वा अधोरेखेने दाखवलेले नाही, त्यामुळे वाचकाला वाक्यातील वजनदार शब्द हेरून त्यांवर क्लिक करून पाहावे लागते. काही दुवे तर ठरावीक खंड आधी वाचल्याशिवाय उघडतच नाहीत. नुसते रिटर्नचे बटण दाबत गेलेला वाचक एका ठरलेल्या वाटेने जातो आणि या अपघातात पीटरचा स्वतःचा काही हात असावा का, या प्रश्नापर्यंत न पोचताच थांबू शकतो.

नव्या वाचकाचे लक्ष सहसा दुवा निवडण्याकडे असते. खरे कसब पुनर्वाचनात आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या खंडात एकच वाक्य आहे : ‘पुराच्या रात्री आजीने वाड्याची किल्ली कुणालाच दिली नाही.’ ‘पुराच्या’ या शब्दावरून गेल्यास गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्याचा प्रसंग येतो. नाशिककर पुराची पातळी या मूर्तीवरूनच जोखतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला संकट किती मोठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. सराफ बाजारात माल वर हलवण्याची धावपळ चालू आहे. ‘किल्ली’वरून गेल्यास धाकट्या काकांनी त्याच आठवड्यात आणलेला वाटणीपत्राचा मसुदा समोर येतो. दोन्ही खंड पुन्हा पहिल्या वाक्यावर आणून सोडतात. पुराकडून परतलेल्याला आजी घर राखणारी, धीराची बाई वाटते. किल्लीकडून परतलेल्याला ती पोटच्या मुलांवरही विश्वास न ठेवणारी वाटते. दोन्हीकडून परतलेल्याला तिसराच संशय येतो की, आजीला पूर हे निमित्तच मिळाले असावे. वाक्यातला एक शब्दही बदललेला नसतो. म्हणून पूर्वी वाचलेला खंड पुन्हा समोर आला की ‘हे झाले’ म्हणून पुढे सरकणारा वाचक या कथेचा मोठा भाग गमावतो.

थांबायचे कधी, हा दुसरा अवघड प्रश्न. ‘आफ्टरनून’मध्येच असे सुचवलेले आहे की कथा पुढे सरकेनाशी झाली, फिरून फिरून तेच येऊ लागले किंवा वाचक वाटांना कंटाळला की वाचन संपते. परीक्षेचा अभ्यासक्रम उरकावा तसा प्रत्येक दुवा उघडून ‘पूर्ण’ करण्याचा हट्ट येथे निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा प्रश्न बरा असा की, नवा खंड आधीच्या समजुतीला धक्का देतो आहे का. तो देईनासा झाला की थांबण्यास हरकत नसते.

१८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाची आणि गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा असलेल्या नाशिकमध्ये पुस्तकावर चारचौघांत बोलण्याची सवय आहे. हायपरटेक्स्ट कथेवर अशी चर्चा करताना मात्र सर्वांनी एकच मजकूर वाचला आहे, हे गृहीत धरता येत नाही. यासाठी प्रत्येकाने वहीत खंडाचे नाव आणि तिथे कोणत्या शब्दावरून आलो हे टिपावे, आणि बैठकीत मत देण्याआधी आपली वाट सांगावी. बरेचसे वाद मतभेदाचे नसून वेगवेगळ्या वाटांचे असल्याचे तेव्हाच ध्यानात येते.

सरावासाठी ‘ट्वाइन’ हे मोफत साधन सोयीचे आहे. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या साधनात देवनागरीत लिहिता येते आणि तयार कथा ब्राउझरमध्ये चालते. अशी कथा ट्वाइनमध्ये पुन्हा आयात केली की चौकटी आणि बाणांचा तिचा सगळा आराखडा दिसतो. गटातील वाटा सांगून झाल्यावर तो पाहणे उद्बोधक असते. पहिल्या वाचनाआधी उघडल्यास मात्र वाचक कथेऐवजी न उघडलेल्या चौकटीच मोजत बसतो.